फाटक लागेपर्यंत

आमच्या गावची नाचाची चाल मधेच का थांबते, याची दोन उत्तरं गावात आयती मिळतात. पाद्रीबाबांना विचारलंत तर ते म्हणतील, पूर्वी तेवढ्या वेळात लोक मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचे. पबवाल्या गॉलपला विचारलंत तर तो सांगेल, पहिला फिडलवाला तेवढ्यात ग्लास रिकामा करायचा. ज्याला जे विकायचं असतं तेच त्याला दिसतं. मी लग्नाने सॅमवेज झाले, पाववाल्या होझियाची बायको, पण जन्माने लोडर आहे. आणि चालीचं नाव ‘लोडरचं फाटक’ आहे, तेव्हा जरा माझंही ऐका.

माझे पणजोबा आंधळे होते. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी व्हिटचा सण येतो; त्या व्हिट सोमवारी क्लबाची, म्हणजे गावच्या मदत-मंडळाची, जेवणावळ उठली की पबमागच्या पटांगणात नाच व्हायचा, आणि शेवटचा नाच त्यांच्या चालीवर. चालीचा पहिला भाग पटांगणात नाचायचा. मग सगळी रांग जोडीजोडीने फाटकातून बाहेर पडायची, गल्लीतल्या ओकच्या झाडाला वळसा घालायची आणि परत आत यायची. रांग कुठवर आली हे आंधळ्याला कसं कळावं? म्हणून ते खालच्या तारेवर एकच सूर धरून बसायचे. शेवटची जोडी आत आली की फाटक लावून घ्यायची, नाहीतर गॉलपच्या आज्याची डुकरं गल्लीभर झाली असती. लोखंडी कडी खट् वाजली की पणजोबा चालीचा दुसरा भाग उचलायचे. एवढाच त्या थांबण्याचा इतिहास आहे. त्यात देव नाही आणि दारूही नाही, डुकरं आहेत.

त्या धरलेल्या सुराला आमच्या गावात, स्लेपकममध्ये, आम्ही ‘वाट’ म्हणतो. वाट चालू असताना कोणी कोणाचा हात सोडायचा नाही. सोडला तर वर्षाच्या आत घरातलं माणूस जातं, असं म्हणतात. गावातल्या बायका चूल विझली तरी चालेल म्हणतील, पण वाटेत हात सोडणार नाहीत. आणखी एक. लोडर ही चाल डोळे मिटून वाजवतात. पणजोबांना इलाज नव्हता, पुढच्यांना हौस.

ही हौस माझ्या भावाला, जेबेझला, फार महागात पडली.

जेबेझसारखं फिडल आमच्या घराण्यात कोणी वाजवलं नाही, आणि त्याच्याइतकं घरात कोणी गप्पही बसलं नाही. त्याची बायको लव्हडे बोलकी, हसरी, डोंगरापलीकडच्या गावची. दोन वर्षं तिने त्या गप्प घरात काढली. तिसऱ्या वर्षी व्हिट सोमवारी जेबेझ वाट धरून बसला होता, आमची रांग ओकपाशी होती, आणि लव्हडे डोक्यावर टोपी, हातात बोचकं अशी फाटकातून बाहेर आली. माझ्या कोपराला घासून गेली.

“कुठे गं?” मी विचारलं.

“आले जरा,” ती म्हणाली.

कुठल्याही गावात वाढलेली बाई एक वेळ नवरा सोडेल, पण फाटक उघडं टाकणार नाही. बाहेर पडताना तिने ते नीट लावून घेतलं होतं. आत जेबेझने डोळे मिटलेलेच. त्याने खट् ऐकलं, त्याला वाटलं शेवटची जोडी आली, आणि त्याने अगदी झोकात दुसरा भाग सुरू केला. आम्ही सगळे अजून गल्लीत. बंद फाटकावर जोड्या एकमेकींवर आपटल्या, आणि गाव पोट धरधरून हसलं. जेबेझही हसला. आपण बायकोला वाजवत वाजवत वाटेला लावलं, हे त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. पाळण्यात त्यांची तान्ही पोर, थर्झा, रडत होती.

लव्हडे परत आली नाही. जेबेझ पोरीला घेऊन आमच्याकडे, भट्टीमागच्या खोल्यांत राहायला आला. पुढे गॉलपने पबच्या लॉरीसाठी ते फाटक काढून टाकलं. दगडी खांब तेवढा राहिला, आणि खांबावरची कडी. तेव्हापासून रांग बाहेर जात नाही. वाट लागली की आहे तिथे, हातात हात धरून उभं राहायचं. आणि वाट संपली हे कोण ठरवणार? जेबेझ. नसलेलं फाटक लागल्याचं फक्त लोडरला ऐकू येतं, असं त्याने एकदा सांगितलं आणि गावाने मान डोलावली. गावाला असलं काही फार आवडतं.

पुढे जेबेझची बोटं संधिवाताने वाकडी झाली आणि फिडल थर्झाकडे आलं. ती उभी राहून वाजवायची, तो शेजारी खुर्चीत. दोघांचेही डोळे मिटलेले. त्याला ऐकू आलं की तो काठीने तिच्या घोट्याला टोचायचा, मग ती पुढे जायची. कधी लवकर टोचायचा, कधी इतक्या उशिरा की म्हातारे डगमगायला लागायचे. नाच संपला की दरवर्षी तोच प्रश्न.

“ऐकू आलं का?”

“नाही, बाबा.”

“मग अजून चाल तुला आली नाही. येईल तेव्हा मोकळी.”

एकदा पोरगी खोटं बोलली. आलं ऐकू, म्हणाली. पुढच्या वर्षी जेबेझने काठी हलवलीच नाही. बिचारीने अंदाजाने दुसरा भाग उचलला, तर हा सगळ्यांदेखत म्हणाला, “चूक. फाटक अजून उघडं आहे.” त्या दिवसापासून तिने खोटं बोलणं सोडलं, आणि हसणंही.

तिला रूबेनने मागणी घातली होती. रूबेन गवंडी, अंगाने दणकट, बोलायला गोड. त्याच्या तोंडाकडे पाहत राहावं असं काही नाही, पण माणूस थांबणारा. लग्न या व्हिटला, मग पुढच्या व्हिटला, असं करत तो थांबला होता. त्या वर्षी मात्र त्याच्या चुलतभावाने कॅनडात काम बघून ठेवलं, आणि बोट ठरली. व्हिट सोमवारी दुपारी पबसमोरून सुटणारी बस गाठली तर बोट मिळणार होती. चुकली तर रूबेन एकटा जाणार नव्हता, पण पुन्हा विचारणारही नव्हता. तसं तो स्वतःच म्हणाला, आणि मला त्याचं काही चूक वाटलं नाही.

आदल्या आठवड्यात थर्झा माझ्याबरोबर भट्टीपाशी कणीक तिंबत होती. तिंबत कसली, बुकलत होती.

“आत्या, तुला येतं का गं ऐकू?”

“मला होझियाचं घोरणं येतं. त्याच्यापुढे फाटकाची काय बिशाद?”

ती हसली नाही.

“अगं, मग जा की,” मी म्हटलं. “तुला काय दावं बांधलंय?”

“अख्खं गाव दावं आहे, आत्या. गॉलप म्हणतो, तू गेलीस की क्लब बुडाला. पाद्रीबाबा म्हणतात, बापाचा मान राख. रस्त्यात म्हाताऱ्या माझा हात धरतात आणि बोटांना तेल लावत जा म्हणून सांगतात. माझ्या बोटांची काळजी सगळ्यांना आहे.”

“आणि बाप?”

“बाबा काहीच म्हणत नाहीत. ओरडले असते तर भांडले असते मी.” तिने कणकेचा गोळा उलटा आपटला. “मी उद्या सकाळी उठून गेले तर कोण अडवणारे? पण लोक म्हणतील, आईवर गेली. बाबा पण तेच म्हणतील, मनात. मला चोरासारखं नाही जायचं. त्यांनी जा म्हणायला हवं.”

मला तिचा राग आला. त्या वयात मी असते तर जा म्हणायची वाट पाहिली नसती. पण मग वाटलं, माझी आई काही फाटकातून निघून गेली नव्हती, मला काय कळणार. मी तिच्या हातून कणीक काढून घेतली. त्या दिवशीचे पाव दगडासारखे झाले.

रविवारी जेवताना तिने विषय काढला. जेबेझ वाकड्या बोटांनी चीज कापत होता. त्याला मदत केलेली चालत नाही, म्हणून आम्ही सगळे ताटात बघत होतो.

“बाबा, उद्या शेवटचं वाजवते. वाट संपली की मी रूबेनबरोबर जाणार.”

सुरी थांबली. होझियाचा घासही तोंडातच थांबला.

“वाट संपली की जा,” जेबेझ म्हणाला आणि पुन्हा चीज कापायला लागला.

थर्झाने उठून त्याच्या डोक्याचा मुका घेतला. मलाही बरं वाटलं. सख्खा भाऊ असून त्याच्या शब्दांतली मेख माझ्या ध्यानात आली नाही.

सोमवारी ऊन छान पडलं होतं. क्लबाचे बाप्ये पितळी मुठींच्या काठ्या घेऊन चर्चला जाऊन आले, हॅमचा आणि सफरचंदाच्या दारूचा फडशा पडला, दोन-तीन भांडणं झाली आणि मिटलीही. गल्लीत बस येऊन उभी राहिली. ड्रायव्हर बाहेरगावचा होता, चाकाला टेकून आमच्याच भट्टीतला पाव खात होता. रूबेन खांबापलीकडे दोरीने बांधलेल्या पेटीवर बसला होता. थर्झाची टोपी त्याच्या मांडीवर होती. लेकराला सांभाळावं तशी त्याने ती धरली होती.

शेवटच्या नाचाला सगळं गाव उभं राहिलं. मी आणि होझिया पहिली जोडी, म्हणजे फिडलच्या अगदी पुढ्यात. जेबेझ खुर्चीत बसला, काठी पायापाशी आडवी. थर्झाने फिडल हनुवटीखाली घेतलं, एकदा रूबेनकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

पहिला भाग इतका सुरेख कधी झाला नव्हता. जायचं ठरलं की माणसाच्या हातात मोकळेपणा येतो. पाय आपोआप उचलत होते, होझियाचेसुद्धा. मग चाल खाली उतरली, तिने खालच्या तारेवर सूर धरला आणि वाट लागली. आम्ही हातात हात धरून उभे राहिलो.

उभे राहिलो ते राहिलोच.

सुरुवातीला कोणी खुसखुसलं. माझ्या मागे गॉलपची बायको पुटपुटली, “यंदा फाटक फार लांबचं दिसतंय.” मग खुसखुस थांबली. माझ्या नाकावर माशी बसली, ती हाकलायला हात मोकळा नव्हता. होझियाचा तळवा घामाने निथळत होता. गज वर जात होता, खाली येत होता, आणि तोच सूर, तोच सूर. काठी जागची हलत नव्हती.

बसने भोंगा वाजवला.

थर्झाने हनुवटी फिडलवर आणखी दाबली, डोळे मिटलेलेच. ती थांबू शकत होती. कोण तिला मारणार होतं? आणि आम्हीही हात सोडू शकत होतो. ऐंशी माणसं, धडधाकट, भर उन्हात, आणि एका सुराने सगळ्यांना खुंटीला टांगून ठेवलं होतं. रूबेन उठून उभा राहिला. खांबाच्या आत मात्र तो आला नाही. वाट चालू असताना बाहेरच्याने आत यायचं नाही, हे त्यालाही माहीत होतं. मला रडू यायला लागलं, रागाने.

मी जेबेझकडे पाहिलं. मनात म्हटलं, मेल्या, शब्दात पकडलंस पोरीला. वाट संपली की जा म्हणालास, आणि आता वाट संपूच देत नाहीस. चार शिव्या अगदी ओठांवर होत्या. पण त्याचा चेहरा पाहिला आणि त्या गिळल्या. तो दुष्टावा करत नव्हता. मान एका बाजूला कलती करून, तोंड थोडं उघडं ठेवून तो खरोखर ऐकत होता. इतकी वर्षं दर व्हिटला तो हेच करत होता. एक खट् त्याला पूर्वी फसवून गेलं होतं, आणि तेव्हापासून तो दुसऱ्याची वाट बघत होता, कोणीतरी परत आत आल्याची. ते वाजल्याशिवाय थर्झा सुटणार नव्हती, आणि ते वाजणार नव्हतं. दोघेही त्या एका सुरात अडकले होते, बाप पोरीहून कितीतरी अधिक.

भोंगा पुन्हा वाजला. ड्रायव्हर बसमध्ये चढला.

मी होझियाच्या हातातून हात ओढला.

“केझी, हात,” तो घाबरून कुजबुजला.

“ठेव तुझ्यापाशीच,” मी म्हटलं.

सगळ्या रांगेच्या देखत मी पटांगण ओलांडून खांबापाशी गेले. कोणीतरी देवाचं नाव घेतलं. कडी गंजून घट्ट बसली होती. एक नख तुटलं, बोटाला रक्त आलं, तेव्हा कुठे ती हलली. मी होता नव्हता तेवढा जोर लावून ती वर उचलली आणि सोडली.

खट्.

जेबेझने डोळे उघडले. खांबाकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर जे काही उजळलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मग त्याला मी दिसले. पिठाच्या झग्यातली त्याची थोरली बहीण, रक्ताळलेलं बोट तोंडात घातलेली.

“केझी,” तो म्हणाला. “तू होय.”

“मीच रे. दुसरं कोणी नाही आलं, जेब. लागलं फाटक.”

थर्झाचा गज थांबला होता. इतक्या वेळाने शांतता कानात दुखत होती. तिनेही डोळे उघडले होते.

“ऐकू आलं का?” बापाने विचारलं. सवयीने विचारलं असावं.

“आलं, बाबा.”

तिने फिडल त्याच्या मांडीवर ठेवलं, त्यावर गज आडवा ठेवला. ती वळली, तसा त्याने वाकड्या बोटांनी तिच्या बाहीला धरलं. त्या बोटांत जोर नव्हता, पण तिने बाही सोडवून घेतली नसती, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

“टोपी घाल,” तो म्हणाला. “बसमध्ये वारा लागतो.”

आणि त्याने बाही सोडली.

ती चालत माझ्यापर्यंत आली. माझ्या गालाला गाल लावला. बाहेर पडली, आणि पडता पडता मागे हात करून तिने खांबावरची कडी उचलली आणि खाली टाकली. फाटक नव्हतं, डुकरं नव्हती, पण गावातच वाढलेली ना ती.

खट्.

रांग अजून हातात हात धरून उभी होती. अर्धी चाल झाली होती, अर्धी उरली होती, आणि वाजवायला कोणी नव्हतं. जेबेझने मांडीवरच्या फिडलकडे पाहिलं, मग खांबाकडे. आणि तो तोंडाने गायला लागला. शब्द नाहीत, नुसतं डिडल-डिडल-डम, फिडल नसलं की आमच्याकडे म्हातारे गुरांच्या गोठ्यात करतात तसं. आवाज फाटका होता, पण ताल लोडरचा. चालीचा तोच दुसरा भाग, ज्यावर लव्हडे गेली होती. यावेळी मात्र त्याचे डोळे टक्क उघडे होते. त्याने तिला टोपी घालताना पाहिलं, रूबेनला पेटी चढवताना पाहिलं, बस वळणापलीकडे जाईपर्यंत पाहिलं. पाहत गात होता आणि गाताना रडत होता. आम्ही नाचलो. दुसरं काय करणार? होझियाने हात पुढे केला होता, मी तो धरला.

आता दरवर्षी जेबेझ तोंडानेच चाल म्हणतो, आणि वाट पुरे झाली असं मला वाटलं की खांबावरची कडी मी पाडते. मधे बाहेरगावचे पाहुणे आले होते, त्यांना गॉलप छातीठोकपणे सांगत होता की हा रिवाज फार जुना आहे, कडी पाडायला पणजोबांच्या काळापासून लोडरांची एक बाई लागते. म्हणजे चालीच्या इतिहासात आणखी एक भर पडली. मीही मान डोलावली. पाहुण्यांनी मला दारू पाजली.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. घरी येताना होझिया आणि मी मागे होतो. जेबेझ पुढे चालत होता, फिडल काखेत धरून. भट्टीचं दार दिसायला लागलं तसा होझियाने माझा दंड धरला.

“केझी, वाटेत हात सोडलास तू. सगळ्यांनी पाहिलं. आता घरातलं माणूस जाणार.”

“गेलं की,” मी म्हटलं. “म्हणून तर सोडला.”